तारे आणि दीर्घिकांचं वस्तुमान कसं काढायचं: अंतर, कल आणि वेग यांचा हिशेब

खगोलशास्त्रात वस्तुमान मोजण्याचा पाया एकच आहे: एक वस्तू दुसरीला किती जोरात ओढते ते पाहायचं. आजूबाजूला ओढायला काहीच नसेल, तर ताऱ्याचं वस्तुमान थेट कळण्याचे जवळजवळ सगळे मार्ग बंद होतात. म्हणून पहिलं काम म्हणजे साक्षीदार शोधणं. तो साक्षीदार दुसरा तारा असेल, एखादा वायुमेघ असेल, दीर्घिकेत फिरणारे अब्जावधी तारे असतील किंवा अगदी जवळून गेलेला प्रकाशकिरणही असेल.

सूत्रं सोपी आहेत आणि कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत सुटतात. खरी मेहनत सूत्रात घालायचे आकडे मिळवण्यात आहे, आणि त्यातही अंतर आणि कल (कक्षा किंवा चकती आपल्याला किती तिरकी दिसते ते) या दोन गोष्टींमध्ये. माझं ठाम मत असं की कुठलीही पद्धत शिकताना आधी एक प्रश्न विचारावा: या उत्तरात अंतराचा कितवा घात येतो? एका पद्धतीत घन येतो, एकीत वर्ग येतो, एकीत अंतर लागतच नाही. हे माहीत असेल तर उत्तरावर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं. खालची सगळी उदाहरणं त्याच नजरेनं सोडवली आहेत. कागद-पेन्सिल जवळ ठेवून सोबत करत गेलात तर जास्त फायदा होईल.

सूत्र आणि एककं

वर्तुळाकार कक्षेसाठी मूळ सूत्र असं:

आतलं वस्तुमान = वेगाचा वर्ग × कक्षेची त्रिज्या ÷ गुरुत्व स्थिरांक

पृथ्वी सूर्याभोवती सरासरी २९.८ किमी/से वेगानं, १४.९६ कोटी किमी अंतरावरून फिरते. हे आकडे मीटर आणि सेकंदात बदलून सूत्रात घातले की सूर्याचं वस्तुमान येतं: सुमारे २ वर ३० शून्यं इतके किलोग्रॅम. हे एकदा स्वतः करून पाहाच, कारण पुढची प्रत्येक पद्धत याच गणिताचं रूप आहे.

त्यानंतर मात्र किलोग्रॅम सोडून द्या. गुरुत्व स्थिरांक प्रयोगशाळेत मोजावा लागतो. हेन्री कॅव्हेंडिशच्या १७९८ सालच्या प्रयोगापासून ते काम चालू आहे, तरी आजही तो चार-पाच अंकांपर्यंतच खात्रीनं माहीत आहे. याउलट ग्रहांच्या गतीवरून स्थिरांक आणि सूर्याचं वस्तुमान यांचा गुणाकार कितीतरी अधिक अचूक कळतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ सूर्यालाच एकक मानतात, आणि त्या एककात सूत्राची दोन सोयीची रूपं तयार होतात.

ताऱ्यांसाठी, अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आणि काळ वर्षांत धरून (अर्ध-दीर्घ अक्ष म्हणजे लंबवर्तुळाच्या सर्वांत लांब व्यासाचा निम्मा भाग, आवर्तकाळ म्हणजे एका फेरीचा काळ):

दोघांचं मिळून वस्तुमान = कक्षेच्या अर्ध-दीर्घ अक्षाचा घन ÷ आवर्तकाळाचा वर्ग

दीर्घिकांसाठी, वेग किमी/से मध्ये आणि त्रिज्या किलोपार्सेकमध्ये (१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं):

आतलं वस्तुमान = २,३२,५०० × वेगाचा वर्ग × त्रिज्या

पहिलं सूत्र केप्लरचा तिसरा नियम, न्यूटननं वस्तुमानासकट पुरा केलेला. ‘दोघांचं मिळून’ हे शब्द विसरायचे नाहीत. केप्लरचा नियम बेरीज देतो, वाटणी देत नाही.

दोन्ही तारे वेगवेगळे दिसत असतील तर

व्याधाचं उदाहरण घेऊ. १८४४ साली फ्रीड्रिख बेसेलनं दाखवलं की व्याध आकाशात सरळ सरकत नाही, लाटेसारखा डोलत जातो, म्हणजे त्याला न दिसणारा जोडीदार आहे. तो जोडीदार, व्याध-ब हा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, दाट गाभा), १८६२ साली अल्व्हन ग्रॅहम क्लार्कला दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला.

पहिली पायरी म्हणजे अनेक वर्षं दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर आणि जोडीदाराची दिशा नोंदवत राहणं. कोनीय अंतर विकलांमध्ये मोजतात, एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. व्याधाच्या बाबतीत हे अंतर साधारण ३ ते ११ विकला असं कमी-जास्त होत राहतं आणि एक फेरी सुमारे ५०.१ वर्षांत पुरी होते.

दुसरी पायरी कल काढण्याची. आपल्याला दिसतं ते खऱ्या कक्षेचं आकाशावर पडलेलं प्रक्षेपण. ते लंबवर्तुळच असतं, पण मुख्य तारा त्याच्या नाभीवर बसलेला दिसत नाही. खऱ्या कक्षेत तो नाभीवरच असायला हवा. म्हणून कक्षा कितीनं कलती केली म्हणजे तारा नाभीवर येतो ते शोधायचं. यातून कल, विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे ते) आणि खरा अर्ध-दीर्घ अक्ष मिळतो. व्याधासाठी हा अक्ष सुमारे ७.५ विकला आहे.

तिसरी पायरी अंतर. ते पराशयावरून कळतं: पाहण्याची जागा एक खगोलीय एकक सरकली की तारा जितक्या कोनानं सरकलेला दिसतो तो कोन. व्याधाचा पराशय ०.३७९ विकला. विकलांतला अक्ष पराशयानं भागला की खगोलीय एककं मिळतात: ७.५ ÷ ०.३७९ = १९.८. आता १९.८ चा घन सुमारे ७,७६०, ५०.१ चा वर्ग सुमारे २,५१०. भागाकार ३.०९. दोन्ही तारे मिळून सूर्याच्या तिप्पट.

वाटणीसाठी दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याकडे पाहायचं. दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर व्याधाचं डोलणं मोजलं की कळतं, व्याध-ब चं मध्यापासूनचं अंतर व्याधाच्या अंतराच्या दुप्पट आहे. म्हणजे व्याध दुप्पट जड: सुमारे २.०६ आणि १.०२ सूर्य. पृथ्वीएवढ्या आकाराच्या या गोळ्यात अख्ख्या सूर्याचं वस्तुमान कोंबलेलं आहे. त्यातलं वस्तुमान कळलं ते असं ताऱ्यांच्या डोलण्यावरून; आकार मात्र वेगळ्या मोजमापांतून कळला.

आता अंतराचा घात पाहा. पराशय घनात येतो. अंतरात २ टक्के चूक असेल तर वस्तुमानात ६ टक्के, ५ टक्के असेल तर जवळपास १५. म्हणून ही पद्धत जवळच्या ताऱ्यांपुरतीच भरवशाची होती. २०१३ साली सोडलेल्या गाया उपग्रहानं पराशयांची अचूकता इतकी वाढवली की तिचा पल्ला खूप लांब गेला. बेसेलचीच युक्ती गायानं वापरली तेव्हा २०२४ मध्ये ‘गाया बीएच ३’ हे सुमारे ३३ सूर्यांचं कृष्णविवर जाहीर झालं. तिथे जोडीदार अजिबात दिसत नाही. दिसतो तो फक्त ११.६ वर्षांच्या कक्षेत डोलणारा एक तारा.

एकच ठिपका दिसतो, पण वर्णपटातल्या रेषा दुहेरी होतात

बहुतेक जोड्या इतक्या जवळ असतात की दुर्बिणीत त्या वेगळ्या होत नाहीत. सप्तर्षीतला वसिष्ठ हा असा पहिला ओळखला गेलेला तारा. १८८९ साली एडवर्ड पिकरिंगनं जाहीर केलं की त्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक काळानं दुहेरी होतात आणि पुन्हा एक होतात. एक तारा आपल्याकडे येत असताना त्याच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दुसऱ्याच्या तांबड्याकडे. (इथे वसिष्ठ-अरुंधती ही नेहमीची जोडी अभिप्रेत नाही. दुर्बिणीत वसिष्ठाचेच दोन तारे दिसतात आणि त्यातल्या तेजस्वी ताऱ्याच्या पोटात ही जवळची जोडी आहे.)

त्याच सुमारास अँटोनिया मॉरीनं सारथी तारकासंघातल्या बीटा ताऱ्याची जोडी शोधली. हा तारा आपल्या कामाला उत्तम आहे, कारण ते दोन तारे एकमेकांना थोडे झाकतातही.

आधी वेग मोजा. हायड्रोजनची तांबडी रेषा स्थिर स्थितीत ६५६.२८ नॅनोमीटरवर असते. तारा १०० किमी/से वेगानं दूर जात असेल तर ती साधारण ०.२२ नॅनोमीटर सरकते. सरकणं भागिले मूळ तरंगलांबी, गुणिले प्रकाशाचा वेग, की झाला वेग. असे वेग कक्षेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर मोजून आलेख काढा. आवर्तकाळ ३.९६ दिवस मिळतो. एका ताऱ्याचा वेग मध्यापासून १०७.५ किमी/से वर-खाली होतो, दुसऱ्याचा १११.५.

वाटणी इथे आधीच हाती आली: जड तारा हळू डोलतो. १११.५ ÷ १०७.५ = १.०३७, म्हणजे एक तारा दुसऱ्यापेक्षा जेमतेम चार टक्के जड.

बेरजेसाठी वर्तुळाकार कक्षेचं सूत्र, वेग किमी/से आणि काळ दिवसांत धरून:

एकूण वस्तुमान × (कलकोनाच्या साइनचा घन) = ०.१०३६ × (दोन वेगांची बेरीज)चा घन × आवर्तकाळ ÷ १० लाख

२१९ चा घन सुमारे १ कोटी ५ लाख. त्याला ३.९६ आणि ०.१०३६ नं गुणून १० लाखांनी भागलं की ४.३१ येतं. कक्षा वर्तुळाकार नसेल, म्हणजे वेगाचा आलेख साध्या लाटेसारखा नसून एका बाजूला टोकदार असेल, तर उजवीकडे आणखी एक गुणक लागतो: १ मधून विकेंद्रतेचा वर्ग वजा करून आलेल्या संख्येचा दीड घात. बीटा सारथीला तो लागत नाही, वसिष्ठाला लागतो.

आता कल. वर्णपट आपल्या दृष्टिरेषेतलाच वेग दाखवतो, त्यामुळे ४.३१ हा किमान आकडा आहे. कक्षा आपल्याला काठावरून दिसत असेल (९० अंश) तर तोच खरा. ६० अंश असेल तर खरं वस्तुमान दीडपट, ३० अंश असेल तर आठपट! वर्णपटातून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो ग्रहणांवरून. तारे एकमेकांना झाकतात तेव्हा प्रकाश किती आणि किती वेळ मंदावतो त्यावरून कल एका अंशाच्या छोट्या भागापर्यंत अचूक कळतो. बीटा सारथीसाठी तो सुमारे ७७ अंश. त्याच्या साइनचा घन ०.९२ च्या आसपास, म्हणजे एकूण वस्तुमान ४.६६ आणि वाटणी सुमारे २.३७ व २.२९ सूर्य.

या सगळ्या गणितात अंतर कुठे आलं? आलंच नाही. दोन रेषा दिसणारे आणि एकमेकांना झाकणारे जोडतारे हे माझ्या मते या विषयातलं सोनं आहेत, कारण लाखो प्रकाशवर्षांवरच्या शेजारच्या दीर्घिकेतली अशी जोडीही तितक्याच प्रामाणिकपणे मोजता येते. वस्तुमानं एक-दोन टक्क्यांपर्यंत अचूक मिळतात आणि ग्रहणांच्या कालावधीतून त्रिज्याही. ताऱ्यांविषयीचे जवळपास सगळे सिद्धांत याच मोजमापांवर तपासले जातात.

सांभाळायचं ते रेषांची सरमिसळ. दोन ताऱ्यांच्या रेषा पुरत्या सुट्या झालेल्या नसताना वेग मोजला तर तो खरा असतो त्याहून कमी येतो, आणि वेग घनात असल्यानं वस्तुमान त्याच्या तिप्पट टक्क्यांनी घटतं. रेषा सगळ्यात लांब गेलेल्या असतात तेव्हाच्या नोंदींना जास्त वजन द्यावं.

एकट्या ताऱ्याचं काय?

इथे बहुतेक वेळा उसनवारी करावी लागते. जोडताऱ्यांवरून दिसतं की हायड्रोजन जाळत असलेल्या, म्हणजे मुख्य श्रेणीतल्या ताऱ्यांची तेजस्विता वस्तुमानाच्या साधारण साडेतीन घातानं वाढते. आर्थर एडिंग्टननं १९२४ मध्ये या नात्याचं सैद्धांतिक स्पष्टीकरण दिलं. सूर्याच्या दसपट तेजस्वी तारा असेल तर १० चा ३.५ वा मूळ काढायचा: सुमारे १.९ सूर्य. तेजस्विता अंतराच्या वर्गावर अवलंबून असली तरी मूळ घेताना ती चूक विरत जाते, हे या पद्धतीचं बलस्थान. मात्र तारा मुख्य श्रेणीतलाच असायला हवा. तांबड्या महाकाय ताऱ्यांना किंवा श्वेत बटूंना हे नातं लावलं तर उत्तर निरर्थक येतं, आणि नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी गफलत हीच. वर्णपट पाहून ताऱ्याचा प्रकार नक्की केल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

ताऱ्याची कंपनं हा दुसरा मार्ग. सूर्यासारखे तारे सतत बारीक थरथरतात, आणि थरथरण्याच्या वारंवारतांमधला ठरावीक फरक ताऱ्याची सरासरी घनता सांगतो; तिला त्रिज्येची जोड दिली की वस्तुमान निघतं. केप्लर अवकाश दुर्बिणीनं २००९ ते २०१८ या काळात हजारो ताऱ्यांची अशी कंपनं टिपली. महाकाय ताऱ्यांसाठी आज हाच सगळ्यात उपयोगी मार्ग आहे.

आणि क्वचित निसर्गच संधी देतो. स्टाइन २०५१ बी हा श्वेत बटू दूरच्या एका ताऱ्याच्या जवळून सरकत गेला तेव्हा त्या ताऱ्याची जागा सुमारे २ मिलिविकला हललेली हबल दुर्बिणीला दिसली. कैलाश साहू आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्यावरून त्याचं वस्तुमान ०.६८ सूर्याच्या आसपास काढलं. इथे कक्षा नाही, वेग नाही. साक्ष फक्त वाकलेल्या प्रकाशाची.

आकाशगंगेच्या मध्याकडे

दीर्घिकांकडे जाण्याआधी एक गणित करून टाकू. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एस २ हा तारा एका न दिसणाऱ्या बिंदूभोवती १६.०५ वर्षांत फिरतो. त्याच्या कक्षेचा अर्ध-दीर्घ अक्ष ०.१२५ विकला, केंद्राचं अंतर ८,२८० पार्सेक. विकला आणि पार्सेक यांचा गुणाकार थेट खगोलीय एककं देतो: १,०३५. त्याचा घन सुमारे १११ कोटी, काळाचा वर्ग सुमारे २५८. भागाकार ४३ लाख सूर्य. व्याधासाठी वापरलेलं तेच सूत्र, आणि उत्तर महाकाय कृष्णविवर. या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. इथेही अंतर घनात आहे. पण एस २ चा दृष्टिरेषेतला वेग किमी/से मध्ये आणि आकाशावरचं सरकणं विकलांमध्ये, अशी दोन्ही मोजमापं असल्यानं अंतर त्याच कक्षेतून निघतं. असा योग फार थोड्या ठिकाणी जुळून येतो.

सर्पिल दीर्घिका: फिरण्याच्या वेगावरून

सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सुमारे २३० किमी/से वेगानं, ८.३ किलोपार्सेकवरून फिरतो. दुसरं सूत्र लावा: २,३२,५०० × ५२,९०० × ८.३, म्हणजे जवळपास १०० अब्ज सूर्य. हे सूर्याच्या कक्षेच्या आतलं वस्तुमान. बाहेर किती आहे ते सूर्याची गती सांगू शकत नाही.

आता परक्या दीर्घिकेचं एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. समजा रेडिओ दुर्बिणीतून उदासीन हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा मिळाली. ती १,३०० ते १,७०० किमी/से इतकी पसरलेली आहे आणि दोन्ही कडांना शिंगासारखी उंच आहे. एक कड आपल्याकडे येणाऱ्या बाजूची, दुसरी दूर जाणाऱ्या बाजूची. रेषेचा मध्य १,५०० हा अख्ख्या दीर्घिकेचा वेग आणि अर्धी रुंदी २०० हा फिरण्याचा दिसणारा वेग.

अंतर आधी. मध्याचा वेग हबल स्थिरांकानं (दर मेगापार्सेक, म्हणजे १,००० किलोपार्सेक, अंतरामागे विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती किमी/से वाढतो तो आकडा), समजा ७० नं, भागला की २१ मेगापार्सेक. पण थांबा. दीर्घिकांना आपापल्या शेजारच्या ओढीमुळे विश्वाच्या प्रसरणाहून वेगळे असे दोनशे-तीनशे किमी/से वेग असतात. १,५०० मध्ये ३०० म्हणजे २० टक्के. ही २० टक्क्यांची अनिश्चितता आता उत्तराला चिकटली. तिथे सेफीड तारे किंवा आय-ए प्रकारचा अतिनवतारा (दोन्हींची खरी तेजस्विता ठरवता येते) मिळाला तर अंतर त्यावरूनच घ्यावं.

मग कल. चकती आपल्याला तिरकी दिसते म्हणून लंबवर्तुळाकार दिसते. छोटा अक्ष भागिले मोठा अक्ष म्हणजे कलकोनाचा कोसाइन. आपल्या दीर्घिकेत हे गुणोत्तर ०.५, म्हणजे कल ६० अंश. खरा वेग २०० ÷ ०.८६६ = २३१ किमी/से. चकतीला स्वतःची जाडी असल्यानं खरा कल एक-दोन अंशांनी जास्त निघतो, पण तो फरक इथे सोडून देता येईल.

कलाविषयी थोडं अधिक थांबायला हवं, कारण चांगल्या निरीक्षणांची माती इथेच होते. वेग वर्गात येतो. कल ६० अंश असेल आणि मोजण्यात ५ अंश इकडेतिकडे झाले, तर वस्तुमान साधारण १० टक्क्यांनी बदलतं. तोच कल २० अंश असेल, म्हणजे दीर्घिका जवळपास समोरून दिसत असेल, तर त्याच ५ अंशांमुळे वस्तुमान पाऊणपट वाढू शकतं किंवा एक तृतीयांशानं घटू शकतं. समोरून दिसणाऱ्या दीर्घिका छायाचित्रांत सगळ्यात देखण्या असतात, पण वस्तुमानासाठी त्या निवडू नयेत. पुरत्या काठावरून दिसणाऱ्याही टाळाव्यात. तिथे कल नक्की असतो, पण दृष्टिरेषेत निरनिराळ्या त्रिज्यांवरचा वायू एकावर एक येतो. ४५ ते ७५ अंशांमधल्या दीर्घिका घ्याव्यात.

त्रिज्या शेवटी. हायड्रोजन मध्यापासून ३ कला, म्हणजे १८० विकलांपर्यंत दिसतो. १८० ला २,०६,२६५ नं भागून अंतरानं गुणलं की १८.३ किलोपार्सेक. वस्तुमान: २,३२,५०० × ५३,३६१ × १८.३, म्हणजे सुमारे २२७ अब्ज सूर्य. या सूत्रात वस्तुमान गोलाकार पसरलं आहे असं गृहीत आहे. चपट्या चकतीसाठी उत्तर काही टक्क्यांनी बदलतं. अंतर पहिल्या घातात आलं, म्हणून वस्तुमानातही २० टक्के अनिश्चितता.

पूर्ण फिरणं-आलेख, म्हणजे प्रत्येक त्रिज्येवरचा वेग, मिळाला तर फारच उत्तम. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या ६७ उजळ वायुमेघांचे वेग मोजून असा आलेख काढला, पार २४ किलोपार्सेकपर्यंत. तारे विरळ होत जातात तिथेही वेग उतरत नव्हता. वेग स्थिर राहतो याचा सूत्रातून निघणारा अर्थ सरळ आहे: त्रिज्या दुप्पट केली की वस्तुमानही दुप्पट.

दिसणाऱ्या पदार्थाची मोजणी

वरच्या २२७ अब्जांमध्ये तारे किती, वायू किती? हायड्रोजनसाठी रेषेखालचं एकूण क्षेत्रफळ घ्यायचं. ते जान्स्की-किमी/से या एककात (जान्स्की हे रेडिओ लहरींच्या तीव्रतेचं एकक) ३० असेल तर सूत्र असं: २,३६,००० × अंतराचा (मेगापार्सेकमधला) वर्ग × ३०. उत्तर सुमारे ३.१ अब्ज सूर्य, हेलियम धरून ४.२. अंतर वर्गात आलं, म्हणून अनिश्चितता ४० टक्के.

ताऱ्यांसाठी जवळच्या अवरक्त प्रकाशातली छायाचित्रं वापरा. निळा प्रकाश थोड्याशा तरुण, तापट ताऱ्यांचा असतो आणि धूळही तो अडवते. अवरक्त प्रकाश जुन्या, संख्येनं प्रचंड ताऱ्यांचा असतो, आणि वस्तुमान त्यांच्यातच असतं. समजा अवरक्त तेजस्विता ८० अब्ज सूर्यांएवढी भरली. दर एकक तेजामागे ०.६ सूर्य धरले तर ४८ अब्ज. हा ०.६ आकडा या अख्ख्या हिशेबातला सगळ्यात नाजूक आकडा आहे. फिकट, हलके तारे किती असावेत याविषयीचं गृहीतक बदललं की तो दीडपटीहून अधिक बदलतो. म्हणून ताऱ्यांचं वस्तुमान लिहिताना कोणतं गृहीतक वापरलं ते लिहिलंच पाहिजे.

तारे आणि वायू मिळून ५२ अब्ज. गतीनं सांगितले २२७. दिसणाऱ्याच्या चौपटीहून जास्त. हा फरक म्हणजे कृष्णद्रव्य.

लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि भिंगं

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये शिस्तीत फिरणारी चकती नसते. तारे सगळ्या दिशांनी धावतात, त्यामुळे वर्णपटातल्या रेषा रुंद होतात. त्या रुंदीवरून वेगांचा पसारा मिळतो. निम्मा प्रकाश ज्या त्रिज्येच्या आत आहे ती त्रिज्या घ्या आणि २,३२,५०० × ५ × पसाऱ्याचा वर्ग × त्रिज्या असा गुणाकार करा. पसारा २५० किमी/से आणि त्रिज्या ५ किलोपार्सेक असेल तर सुमारे ३६३ अब्ज सूर्य. त्यातला ५ हा अनुभवातून आणि प्रतिमानांतून ठरलेला गुणक आहे. तारे मुख्यतः आत-बाहेर झेपावतात की गोल फिरतात हे रेषेच्या रुंदीवरून सहज कळत नाही, आणि त्यावर उत्तर हलतं.

म्हणूनच गुरुत्वीय भिंगाची साक्ष मोलाची ठरते. १९७९ मध्ये एका क्वेसारच्या (फार दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) दोन प्रतिमा सापडल्या तेव्हा दीर्घिका भिंगाचं काम करतात हे प्रथम प्रत्यक्ष दिसलं. मागची वस्तू, भिंग आणि आपण एका रेषेत असू तर प्रकाशाचं कडं दिसतं. कड्याची त्रिज्या विकलांमध्ये मोजून तिचा वर्ग करा. आपल्यापासून भिंगापर्यंतचं अंतर गुणिले मागच्या वस्तूपर्यंतचं अंतर, भागिले त्या दोघांमधलं अंतर, हे अब्ज पार्सेकमध्ये काढा. दोन्हींचा गुणाकार १२३ अब्जांनी गुणला की कड्याच्या आतलं वस्तुमान. दीड विकलांचं कडं आणि अंतरांचं गुणोत्तर १ असेल तर सुमारे २७७ अब्ज. तारे कसे धावतात याच्याशी देणंघेणं नाही, दिसणारं-न दिसणारं सगळं त्यात मोजलं जातं. मर्यादा एवढीच की दृष्टिरेषेत पुढेमागे असलेला पदार्थही त्यात धरला जातो.

उत्तर लिहिताना

नुसतं ‘या दीर्घिकेचं वस्तुमान इतकं’ असं लिहू नका. किती त्रिज्येच्या आत, कोणतं अंतर धरून आणि कोणत्या पद्धतीनं, हे तीन तपशील सोबत हवेत. आपल्या उदाहरणात: ‘१८.३ किलोपार्सेकच्या आत २२७ अब्ज सूर्य, अंतर २१ मेगापार्सेक, २१ सेंटिमीटर रेषेची रुंदी, कल ६० अंश’. असं लिहिलेलं असेल तर उद्या अंतर सुधारल्यावर कुणीही तुमचा आकडा मिनिटभरात दुरुस्त करू शकतो.

ही दुरुस्ती किती महत्त्वाची असते याचं सगळ्यात मोठं उदाहरण फ्रिट्झ झ्विकीचं. १९३३ साली त्यानं कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. ते एकमेकांपेक्षा हजार-हजार किमी/से वेगळे होते. समूह टिकून राहायचा तर दिसणाऱ्या पदार्थाच्या निदान ४०० पट घनता हवी, असा त्याचा निष्कर्ष. त्यानं हबलचा त्या वेळचा स्थिरांक ५५८ वापरला होता, आजच्यापेक्षा आठपट मोठा. म्हणजे समूह आठपट जवळ मानला गेला. गतीवरून काढलेलं वस्तुमान अंतराच्या पहिल्या घातानं वाढतं, प्रकाशावरून काढलेलं वर्गानं. म्हणून दोघांचं गुणोत्तर अंतराच्या व्यस्त प्रमाणात जातं, आणि अंतर आठपट केलं की ४०० चे ५० होतात. पुढे क्ष-किरण दुर्बिणींना समूहात कोट्यवधी अंश तापमानाचा वायू सापडला. त्याचं वस्तुमान समूहातल्या सगळ्या ताऱ्यांहून कितीतरी जास्त आहे, त्यामुळे गुणोत्तर आणखी खाली येतं. तरीही तारे आणि वायू मिळून समूहाच्या एकूण वस्तुमानाचा सहावा-सातवा हिस्सा भरतो, आणि क्ष-किरण वायूचं तापमान, दीर्घिकांचे वेग आणि भिंग या तिन्ही स्वतंत्र साक्षी मोठ्या समूहांच्या बाबतीत त्याच आकड्याच्या आसपास येतात.